भिंतीवर न लागलेला कागद

दक्षिण इटलीतल्या आमच्या पेत्रालोंगात माणूस मेला की आधी देवळाची घंटा वाजते आणि मग साबातीनो निघतो. एका हातात खळीची बादली, काखेत कागदांची गुंडाळी, खांद्यावर लांब दांड्याचा कुंचला. कागदाला काळी चौकट, वर क्रूस आणि फोटो, मध्ये मेलेल्याचं नाव ठळक अक्षरांत, त्याखाली दुःख झालेल्यांची यादी आणि शेवटी अंत्यविधीची वेळ. यादीपाशी लोक जास्त रेंगाळतात, कारण कुणाच्या सुनेचं नाव गाळलं यावर गावाला सहा महिने बोलायला पुरतं. एकतीस वर्षं हे कागद साबातीनोच लावत आला. गावातल्या कुठल्याही मेलेल्या माणसाचं पूर्ण नाव त्याला पाठ होतं. जिवंत माणसांच्या बाबतीत मात्र तो चुकायचा.

त्याच्या खळीचा बोलबाला होता. पीठ पाण्यात शिजवायचं, त्यात सरस घालायचा आणि अजून एक काहीतरी. ते काय, हे आपण कुणाला सांगितलं नाही असं तो छाती फुगवून म्हणे. मुळात ती कृती त्याच्या बायकोची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ते काही असो, साबातीनोनं लावलेला कागद कधी सुटला नाही. एका हिवाळ्यात समुद्रावरून असं वादळ आलं की कॉफीच्या दुकानाचा पत्रा उडून लिंबांच्या बागेत पडला. दुसऱ्या दिवशी लोक बघतात तर पत्रा गेलेला आणि शेजारच्या भिंतीवर दोन्ही मयत जागच्या जागी. "छप्पर उडेल, पण साबातीनोचा मेलेला हलायचा नाही," असं तेव्हापासून दुकानात बोललं जाई आणि साबातीनो ऐकून न ऐकल्यासारखं करी.

गावात कागद लावायच्या बावीस जागा. त्यांतली पहिली त्याच्या स्वतःच्या घराची कोपऱ्यावरची भिंत. खालच्या ओढ्याकडून येणारी वाट तिथेच गावात शिरते. समोर नळ आहे. शेताकडून चढून आलेलं माणूस तिथे ओझं टेकवतं, पाणी पितं आणि भिंत वाचतं. वरच्या चौकापर्यंतचा चढ छातीवर येतो, म्हणून खालच्या वस्तीतले म्हातारे तिथूनच माघारी फिरतात. कोण गेलं, कधी पुरायचं, हे त्यांना त्या भिंतीवरूनच कळायचं. साबातीनोची बायको गेली तेव्हा तिचा कागद त्यानं ह्याच भिंतीवर लावला आणि वर्षभर त्यावर दुसरा चढू दिला नाही. गावानंही काही म्हटलं नाही.

मग लोरेदानानं खोल्या भाड्यानं द्यायला काढल्या.

लोरेदाना ही साबातीनोची एकुलती एक मुलगी. नाकासमोर चालणारी, हिशेबी, आणि बापापेक्षा दसपट शहाणी. उत्तरेकडचा नावाजलेला किनारा आता इतका भरतो की तिथे टॉवेल पसरायलाही जागा उरत नाही. त्यामुळे चार वर्षांपासून परदेशी लोक आमच्या चिलेंतोकडे वळायला लागले होते. कुठल्याशा मासिकानं लिहिलं की हा मुलूख अजून कुणाला सापडलेला नाही. आम्हाला तो बराच काळ सापडलेला होता, पण आम्ही मासिक काढत नाही. लोरेदानानं वरचा मजला रंगवला, गच्चीवर वेल चढवला, बापाला तळमजल्यावर आणलं. ओढ्यापलीकडच्या ब्याजोकाकाकडचं बकरीच्या दुधाचं ताजं चीज पाहुण्यांच्या न्याहारीला ठरवून टाकलं.

गेल्या उन्हाळ्यात एका कुटुंबानं जाताना लिहिलं की घर सुंदर, जेवण उत्तम, पण दारात उतरल्याबरोबर भिंतीवर मेलेल्यांची नावं आणि फोटो, मुलं घाबरली. एवढं एकच वाक्य. लोरेदानानं ते बापाला वाचून दाखवलं.  लोरेदाना म्हणाली, बाबा, गावात अजून एकवीस भिंती आहेत. हे खोटं नव्हतं. वसंतात साबातीनोनं स्वतः शिडी लावून एकतीस वर्षांचे थर खरवडले. त्याचीच खळ, त्यामुळे आठ दिवस लागले. बायकोच्या कागदाचा तुकडा तळाशी निघाला तो त्यानं खिशात घातला. मग भिंतीला पांढराशुभ्र चुना दिला आणि जिरेनियमच्या चार कुंड्या टांगल्या. पाहुणे तिथे उभे राहून फोटो काढायला लागले. साबातीनोलाही ते आवडायचं, हे इथे सांगून टाकलेलं बरं. कुणी त्याला मधे उभं केलं तर तो टोपी सरळ करायचा.

ऑगस्टच्या एका मंगळवारी दुपारी लिबेरातो गेला. एकोणऐंशी वर्षांचा. अंगणातल्या अंजिराखाली खुर्चीत बसला होता. बायको ओर्सोला पाणी घेऊन आली तोवर मान कलली होती.

लिबेरातो आणि ब्याजो ही जोडी गावाला माहीत होती. विशीतच दोघं बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत गेले, एका खोलीत राहिले. छत कोसळलं तेव्हा ब्याजोनं लिबेरातोला पाठीवर टाकून वर आणलं. परत आल्यावर एकानं न्हाव्याचं दुकान काढलं, दुसऱ्यानं बकऱ्या घेतल्या. ब्याजोनं लग्न केलं नाही. तो ओढ्याकाठी एकटाच राही, एका कानानं बहिरा, आणि तिथे घंटाही पोहोचत नाही, फोनही लागत नाही. पण रोज पहाटे तो कोपऱ्यापर्यंत यायचा, चीजची टोपली साबातीनोच्या दारात ठेवायचा, डबा नळावर भरायचा, भिंत वाचायचा आणि परत जायचा. भिंतीला चुना दिल्यावरही त्याची तिथे थांबायची सवय गेली नव्हती. पांढऱ्या भिंतीकडे क्षणभर बघायचा आणि कुणी गेलं नाही असं समजून निघायचा. वसंतापासून गावात खरंच कुणी मेलं नव्हतं, हीही एक पंचाईतच.

आमच्याकडे पेटी सहाजण उचलतात. पुढचा डावा खांदा जिवलग मित्राचा. तो खांदा कुणाचा हे माणूस जिवंत असतानाच ठरलेलं असतं आणि लिबेरातोचा कुणाचा हे विचारायचीही गरज नव्हती.

संध्याकाळी साबातीनो कागद घेऊन ओर्सोलाकडे गेला. छापलेलं नाव तिला दाखवायची पद्धत आहे. तिनं नावावर बोट फिरवलं आणि एकच विचारलं.

"ब्याजोला कळेल ना रे?"

"त्याची काळजी तुम्ही करू नका, काकू," साबातीनो म्हणाला. "सकाळी माझ्या कोपऱ्यावर वाचेल की."

एकतीस वर्षांची सवय बोलली. रस्त्यावर आल्यावर त्याला भिंत आठवली. त्यानं बावीस कागद छापून आणले होते. एकवीस लावले. बाविसावा घेऊन तो आपल्या कोपऱ्यावर उभा राहिला, कुंचला बादलीत बुडवला आणि वर गच्चीवर लोरेदाना टेबलावर चादर अंथरताना दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलंडचं एक जोडपं यायचं होतं, दोन आठवड्यांसाठी. त्यानं कुंचला बादलीच्या काठावर निपटून काढला. ब्याजोला पहाटे तोंडानंच सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि कागद घडी करून टेबलाच्या खणात ठेवला.

पहाटे तो उठलाही होता. पण पाहुण्यांची गाडी चुकून गावाच्या वरच्या टोकाला गेली, लोरेदानानं त्याला बॅगा आणायला पिटाळलं. दोन मोठ्या बॅगा ओढत तो परत आला तेव्हा दारात चीजची टोपली होती, नळाखाली ओलं होतं आणि वाटेवर कुणी नव्हतं. ओढ्यापर्यंत जायला पाऊण तास. त्यानं वाटेकडे पाहिलं. मग पाहुण्यांना स्नानघरातली गरम पाण्याची कळ दाखवायला तो वर गेला. कुणीतरी सांगेलच, असं त्यानं स्वतःला सांगितलं. गावात प्रत्येकजण तेच म्हणत होता: ब्याजोनं कोपऱ्यावर वाचलं असेलच. वरच्या लोकांचं खाली कोपऱ्यावर फारसं येणं होत नसे, आणि चुना दिला तरी कुणी मेलं की साबातीनो तिथे कागद लावणारच, असं सगळे धरून चालले होते.

चार वाजता पेटी उचलायची वेळ झाली. पाचजण उभे राहिले. सहावी जागा रिकामी. फादर घड्याळाकडे बघत होते, ओर्सोला ओढ्याच्या वाटेकडे बघत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग फादरनी मान हलवली. कुणीतरी पुढं व्हायला हवं होतं आणि सगळ्यांत जवळ साबातीनो उभा होता. त्यानं पुढचा डावा खांदा दिला. देवळापासून दफनभूमीपर्यंत उतार आहे, वजन पुढच्या खांद्यांवर येतं. खांदा काही दुखला नाही. पण ती जागा कुणाची आहे हे साऱ्या गावात नेमकं आपल्यालाच माहीत आहे आणि आपणच ती मोकळी पाडली, ह्या विचारानं त्याचे कान तापले होते. लोकांना वाटलं उन्हानं.

गुरुवारी पहाटे साबातीनो दारातच उभा होता. ब्याजो आला, टोपली ठेवली, भिंतीकडे पाहिलं आणि शर्टाच्या आतून फडक्यात बांधलेलं एक लहान चीज काढलं.

"हे लिबेरातोला दे. चार दिवस झाले, खाली फिरकला नाही. गुडघा धरला असेल परत."

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. साबातीनोनं सांगितलं. मंगळवारी गेला, काल नेला. ब्याजोनं चांगला कान पुढं केला आणि पुन्हा सांगायला लावलं. साबातीनोला ते दुसऱ्यांदा मोठ्यानं बोलावं लागलं. म्हातारा वळून पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिला.

"कागद नव्हता," तो म्हणाला.

आणि साबातीनोच्या तोंडून निघून गेलं, "लावला होता, काका. रात्री वारा सुटला होता. उडाला असेल."

 ब्याजो चीज हातात घेऊन तसाच चढ चढायला लागला. कित्येक वर्षांत तो चौकापर्यंत गेला नव्हता. तीनदा थांबला. साबातीनो खालून मोजत होता आणि मदतीला एक पाऊल उचलत नव्हता.

पुढचं साबातीनोला चौकात ऐकायला मिळालं. ओर्सोलानं दार अर्धंच उघडलं होतं. म्हातारा म्हणाला, कागद वाऱ्यानं उडाला, मला कळलं नाही. ती म्हणाली होती, "साबातीनोचा कागद वाऱ्यानं उडाला? ब्याजो, खोटं बोलायचं तर निदान जरा बरं तरी बोलायचं." आणि दार लावून घेतलं. चीज उंबऱ्याबाहेरच राहिलं.

कॉफीच्या दुकानात दोन दिवस हीच गोष्ट चघळणं चाललं. म्हाताऱ्याला चढ चढायचा कंटाळा आला असेल. बकऱ्यांपुढे मित्राचं काय. एकजण म्हणाला, पत्रा उडाला तेव्हासुद्धा मयत हलले नाहीत, आता बिनवाऱ्याच्या ऑगस्टमध्ये कागद उडतो होय. सगळे हसले आणि साबातीनोच्या पाठीवर थाप पडली. ज्या गोष्टीचा त्याला आयुष्यभर अभिमान वाटला तीच आता एका म्हाताऱ्याला खोटं पाडत होती.  तरी तो हसला. हसला, हे विशेष.

ब्याजोचं येणं बंद झालं. चीज नाही म्हणून लोरेदाना कुरकुरली आणि दुसरीकडून आणायला लागली.

हॉलंडची ती बाई, मार्लूस, निवृत्त शिक्षिका होती. मोडकीतोडकी आमची भाषा बोलायची आणि प्रत्येक गोष्टीचं कौतुक करायची. एका संध्याकाळी तिनं साबातीनोला गच्चीवर बोलावून वाईन दिली आणि विचारलं की इथे गावागावांत भिंतीवर कागद दिसतात, मेलेल्या माणसांचे. आम्ही नवराबायको प्रत्येक ठिकाणी थांबून वाचतो. आमच्याकडे माणूस जातो आणि शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही. मग तुमच्या ह्या भिंतीवर एकही कसा नाही?

"आमच्याकडे कुणी मरतच नाही," साबातीनो म्हणाला.

ती खूप हसली. नवऱ्यालाही तिनं समजावून सांगितलं, तोही हसला. साबातीनो जिना उतरून खोलीत आला आणि खाटेवर बसला.  ज्यांना त्रास होऊ नये म्हणून भिंत पुसली त्यांना ती वाचायची होती आणि ज्याला वाचायची होती तो खाली ओढ्यावर खोटारडा होऊन बसला होता. लाज वाटायला मुळात कुणी बघायला लागतं असं साबातीनोला वाटायचं. त्या खोलीत कुणी नव्हतं आणि तरी त्याला तोंड कुठे लपवावं ते कळत नव्हतं. खण उघडून त्यानं कागद पाहिला. लिबेरातोचं नाव घडीवर दुमडलं होतं.

अकराव्या दिवशी तो ओढ्याकडे उतरला. दुपार कलली होती. ब्याजो गोठ्याच्या दारात पाटावर बसून बकरीचं दूध काढत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"काका, कागद मी लावलाच नव्हता."

"माहीत आहे."

साबातीनोला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. त्यानं मोठ्यानं सांगितलं.

"ओरडतोस कशाला? त्याच सकाळी कळलं मला. तुझी खळ वाऱ्यानं सुटत नाही, हे मला ठाऊक नाही होय."

"मग काकूंना वारा कशाला सांगितलात?"

ब्याजोनं दुधाचं भांडं बाजूला सरकवलं. बकरीच्या पाठीवर हात ठेवला.

"काय सांगू मग? नवऱ्याला मातीत ठेवून एक दिवस झालेला तिच्या. तिच्या दारात उभा राहून सांगू की साबातीनोनं पाहुण्यांपायी लिबेरातोला भिंतीवर हातभर जागा दिली नाही? तू जे दिलंस ते नेलं मी. तिनं मला हाकललं, ते परवडलं."

साबातीनोला शिवी हवी होती. म्हातारा चिडला असता, काठी उगारली असती तर ते सोसणं सोपं होतं. टोपी हातात घेऊन तो उभा राहिला आणि एकसष्ट वर्षांचा माणूस रडायला लागला. ब्याजोनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पुन्हा दूध काढायला घेतलं. बऱ्याच वेळानं विचारलं, "पुढचा डावा कुणी दिला?"

"मी."

धार भांड्यात पडत राहिली.

"जड होता?"

"नाही, काका."

"खाणीत होता तेव्हा फार जड होता," ब्याजो म्हणाला. "आता जा तू. आणि मला सांगितलंस ते मला सांगून काही उपयोगाचं नाही."

साबातीनो तसाच वर चढला, घरी न थांबता चौक ओलांडून ओर्सोलाकडे गेला. सुतकाच्या घराच्या खिडक्या अर्ध्या मिटलेल्या असतात आणि दार उघडं असतं. आत भिंतीला लागून खुर्च्यांवर आठदहा बायका काळ्या कपड्यांत बसल्या होत्या. तीस दिवस त्या घरात चूल पेटत नाही. शेजार आळीपाळीनं जेवण आणि कॉफी आणतो आणि जो येईल त्याला कप मिळतो. ओर्सोलाच्या बहिणीनं त्याच्याही हातात कप दिला. सगळ्यांसमोर बोलायची त्याची हिंमत नव्हती, आणि ओर्सोलाला एकटीला बाजूला बोलावलं तर आपण पुन्हा काहीतरी बनवून सांगू, हेही त्याला कळत होतं. उभ्याउभ्याच त्यानं सांगितलं. कागद लावला नाही. पाहुणे येणार होते म्हणून. ब्याजोशी खोटं बोललो. ब्याजोनं माझं खोटं तुमच्या दारात आणलं आणि मला उघडं पाडलं नाही.

 बहीण उठली, त्याच्या हातातला भरलेला कप तिनं काढून घेतला आणि आत मोरीत नेऊन ओतला. ओतल्याचा आवाज बाहेर ऐकू आला.

ओर्सोलानं पायांत घालायला बूट मागितले. बहीण म्हणाली, अगं, तिसाव्या दिवसाची प्रार्थना झाल्याशिवाय तू उंबरा ओलांडायचा नाहीस, लोक काय म्हणतील.

"इतके दिवस मी ज्याला खोटारडा म्हटलं, त्याच्याकडे जायचंय मला," ओर्सोला म्हणाली. "लोकांना काय म्हणायचं ते ह्याला म्हणू दे."

काळा रुमाल डोक्यावर ओढून ती निघाली. उन्हं अजून होती. विधवा अकराव्या दिवशी रस्त्यावर, असं पेत्रालोंगात कुणी पाहिलं नव्हतं. पुढे ती, दहा पावलं मागे साबातीनो. कोपऱ्यावरून खाली उतार अवघड होतो आणि तिचेही पाय आता ऐंशीकडे झुकलेले. ती भिंतीला हात टेकून उतरायला लागली तेव्हा तो धावत पुढं झाला आणि त्यानं आधाराला हात पुढे केला.

"तू नको," ती म्हणाली. त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तो तिथेच थांबला. ती एकेक पाऊल टाकत ओढ्याच्या वाटेला लागली. वरून गच्चीतून मार्लूसनं हात हलवला आणि आज हवा किती छान आहे म्हणाली. गल्लीत दारादारांत बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. ओर्सोला वळणाआड गेली तरी कुणीही त्या वाटेकडे पाहिलं नाही. त्या सगळ्या साबातीनोकडे बघत होत्या.